बालकल्याण समितीची चौकशी आणि कुटुंब (पुणे)

एखाद्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे का, असेल तर त्याला घरीच ठेवायचं, नातेवाइकांकडं सोपवायचं की बालगृहात पाठवायचं, हे ठरवण्यासाठी बालकल्याण समिती जी माहिती गोळा करते त्या सगळ्या प्रक्रियेला चौकशी म्हणतात. पुण्यात एवढं लांब कोणी बोलत नाही. ‘सीडब्ल्यूसीची केस’ (सीडब्ल्यूसी म्हणजे चाइल्ड वेल्फेअर कमिटी, हीच समिती), ‘गृहभेट’, नाहीतर सरळ ‘पोराला रिमांडला ठेवलंय’. यातला शेवटचा शब्द खरं तर चुकीचा, कारण जुन्या रिमांड होमचं आता निरीक्षणगृह झालंय आणि ते कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी असतं. त्यात मे २०२४ च्या कल्याणीनगर पोर्शे अपघातानंतर येरवड्यातलं बाल न्याय मंडळ रोज टीव्हीवर दिसलं, तेव्हापासून मंडळ आणि समिती एकच असा समज आणखी पक्का झालाय. मंडळापुढं गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल येतं, समितीपुढं टाकलेलं, हरवलेलं, पळून आलेलं, सिग्नलवर भीक मागणारं, मार खाल्लेलं किंवा लहान वयात लग्न लावलं जात असलेलं मूल येतं. आईबापांना मात्र दोन्हीकडं आरोपीसारखंच वाटतं.

चौकशीच्या या प्रथेचं मूळ कुठं धरायचं यावर दोन मतं मांडता येतात. एक म्हणजे १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह. दुसरं म्हणजे इंग्रजी अमदानीतले कायदे: १८५० चा अप्रेंटिसेस ॲक्ट, १८७६ आणि १८९७ चे रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट आणि मग १९२४ चा मुंबई बालक कायदा (मद्रासचा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, म्हणजे मुंबई यात तिसरी). पुणेकर म्हणून पहिलं मत आवडतं, पण ते जरा ओढूनताणून आणलेलं वाटतं. फुल्यांच्या गृहाची सगळी मदार गुप्ततेवर होती, तिथं विधवेनं यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, कोणी काही विचारणार नाही. आजच्या व्यवस्थेची सुरुवातच विचारपूस करण्यापासून होते. त्यामुळं आश्रयाची परंपरा फुल्यांकडून आली असं म्हणता येईल, चौकशीची परंपरा मात्र १९२४ च्या कायद्याकडूनच आलेली दिसते. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली त्याच्या आसपास हे काम प्रत्यक्षात रुळायला लागलं असं धरायला हरकत नाही. पुढं १९८६ च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यात ‘उपेक्षित’ मुलांसाठी वेगळं मंडळ आलं, २००० च्या कायद्यात त्याची समिती झाली, आणि सध्या चालतो तो २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, २०२१ च्या दुरुस्तीसकट.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढं हजर करायचं, सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत शेवटचा आदेश द्यायचा. कागदावर हे मुलाच्या हिताचंच आहे. पण वाघोली-हिंजवडीच्या लेबर कॅम्पवर राहणारा बाप रोजावर असतो, तारखेला आला की खाडा पडतो, आणि आधार, रेशन कार्ड, जन्माचा दाखला यातलं अर्धं गावाकडं राहिलेलं असतं, म्हणजे मूल आपलंच आहे हे सिद्ध करायलाच आधी गावी जाऊन यावं लागतं. तोवर मूल बालगृहात. चार महिने म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं सत्र, आणि तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर आई ओळखू येणं न येणं यातलं अंतर.

या तपासणीसाठी घरी येतात ती गृहभेट. तीत घर, कमाई, व्यसन, मुलाला शिस्त कशी लावतात, घरच्यांचं आपसात कसं आहे हे सगळं बघतात, शेजाऱ्यांशीही बोलतात. वस्तीत ‘मॅडम चौकशीला आल्या’ एवढं कळलं की पुरतं, पुढचं लोक स्वतःच जोडतात. कायद्यानं मुलाची ओळख छापायला बंदी आहे आणि अहवाल गोपनीय असतो, पण दोन खोल्यांच्या चाळीत गोपनीय असं काय राहतं? घरमालक खोली खाली करायला सांगतो. आई मुलावर आवाज चढवायलासुद्धा घाबरते, मुलगा मोठा असेल तर त्याला ते बरोबर कळतं. गरिबी आणि हेळसांड यातली रेघ ओढणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, कुलूप लावून कामाला गेलेली आई निष्काळजी की नाइलाजानं तशी वागलेली हे एका भेटीत ठरत नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे, ते लक्षात ठेवून लिहिलेला अहवाल आणि नुसते रकाने भरलेला अहवाल यात घराच्या दृष्टीनं जमीनअस्मानाचा फरक पडतो.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात चित्र वेगळं. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचं असतं, आणि आरोपी त्याच घरात राहत असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणं मुलाला घराबाहेर ठेवायचं का हे तीन दिवसांत ठरवायचं, मुलाचं म्हणणं विचारात घेऊन. इथं घर मोडतंय म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. तरी कमावता माणूस आत गेला की घरभाडं थकतं आणि मग त्याच मुलीवर जबाब फिरवायचा दबाव येतो, म्हणून आईला तेव्हा पैशांचा आधार मिळणं हाही संरक्षणाचाच भाग मानायला हवा.

त्याच गृहभेटीची दुसरी बाजूही आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या किंवा अनाथ मुलाला महिना २२५० रुपये मिळतात (आधी ११०० होते), आणि त्यालाही गृहचौकशी आणि समितीची मान्यता लागते. कोविडनंतर कित्येक विधवांची समितीशी पहिली ओळख अशी झाली. त्यामुळं एकाच गल्लीत एक बाई तपासणीला येणाऱ्या ताईंची वाट बघते आणि दुसरी त्यांना बघून दार लावून घेते.

अमेरिकेत असं काम करणाऱ्या यंत्रणेला सीपीएस (चाइल्ड प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस) म्हणतात, तिथं १९७४ च्या कायद्यानंतर तक्रार करणं अनेक व्यवसायांना बंधनकारक झालं, आणि २०१७ च्या एका अंदाजाप्रमाणं १८ वर्षांची होईपर्यंत सुमारे ३७ टक्के मुलांच्या घरी कधीतरी चौकशी होते, कृष्णवर्णीय मुलांमध्ये ५३ टक्के. तिकडं राहून आलेल्या आयटीवाल्या पुणेकरांना सीपीएस हे नाव त्यामुळं ओळखीचं. आपल्याकडं तक्रार बहुतेक १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर येते.

समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं, फोस्टर केअर (मुलाला तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि स्पॉन्सरशिपच्या (मुलासाठी पैशांची मदत) निर्णयाविरुद्ध ते जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं. पण मुलाला संरक्षणाची गरज नाही असं समितीनं म्हटलं, तर त्यावर अपील नाही. शेजाऱ्यानं रागानं केलेल्या तक्रारीत हे घरच्यांच्या पथ्यावर पडतं.