दुखत नाही, म्हणून कणा सरळ असेलच असं नाही

वाढत्या वयातल्या मुलांसाठी कण्याला आधार देणारे मापाचे ब्रेस बनवणं हे आमचं काम. माप द्यायला आलेले आईवडील हमखास म्हणतात, “पण हिला कधी दुखलंच नाही हो!” बरोबर आहे. स्कोलिओसिसमध्ये कणा एका बाजूला वळतो आणि वळता वळता थोडा पिळलाही जातो, पण या वयात तो सहसा दुखत नाही. तो विचारून कळत नाही, बघावाच लागतो.

साधारण 10 ते 15 या वयात मुलं भराभर उंच होतात आणि कण्याचा बाकही तेव्हाच वाढतो. मोठा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. नेमकं याच वयात मुलं घरच्यांसमोर शर्ट काढायला लाजतात, त्यामुळे पहिली चाहूल बऱ्याचदा कपडेच देतात. टी-शर्टचा गळा सारखा एका खांद्याकडे ओढला जातो, स्कर्टची कड एकीकडे वर राहते. हात सैल सोडून उभं केलं तर कंबर आणि हात यांमधली फट एका बाजूला मोठी दिसते. एक खांदा वर असतो, पाठीवरचं एका खांद्याचं चपटं हाड (फरा) जास्त बाहेर आलेलं असतं.

शंका आली तर मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे एकत्र करून कमरेतून पुढे वाकायला सांगा. पाठ जमिनीला समांतर झाली की मागे बसून, डोळे पाठीच्या पातळीवर आणून बघा. एका बाजूच्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर आल्या असतील, तर मणके पिळले गेल्याची ती खूण. नुसतं पोक काढून बसायची सवय असेल तर असा एकतर्फी उंचवटा येत नाही. दप्तराला मात्र उगाच दोष देऊ नका, दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. दहापैकी आठ जणांत कारण सापडतच नाही.

निदान उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर होतं. 10 अंश किंवा जास्त बाक असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढ बाकी असताना 25 ते 40 अंशांच्या बाकाला डॉक्टर सहसा ब्रेस सुचवतात. ब्रेसचं काम बाक वाढू न देणं, कणा सरळ करणं नव्हे, हे आम्ही माप घेण्याआधीच सांगतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर मापही घेत नाही.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर आमच्याकडे येऊ नका, थेट डॉक्टर गाठा.