रेस मरते ती पेडलमुळे की ब्रेकच्या स्विचमुळे?

लग्नसराई लागली की बिछायतवाल्यांच्या पिकअप जनरेटरची ट्रॉली ओढत गावोगाव फिरतात आणि दर हंगामात तेच ऐकू येतं: "भाऊ, गाडी रेस घेत नाही, सेन्सर गेला." स्कॅनर लावायच्या आधीच नव्या पेडलची ऑर्डर गेलेली असते. पेडल बसतं, मालक पैसे देतो, ट्रॉली जोडली की रेस पुन्हा मेलेलीच.

पेडलचा दोष सगळ्यांना पाठ आहे. केबल गेली, पेडलवर दोन सेन्सर आले. दोघांचं एकमेकांशी जुळलं नाही की चेक लाइट पेटते, गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी करून कशीबशी चालवण्याच्या अवस्थेत) जाते, पी २१३८ सारखा दोषाचा कोड बसतो. ट्रॉली जोडा की सोडा, त्याला फरक पडत नाही.

ब्रेकच्या स्विचचं तसं नाही. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या बऱ्याच गाड्यांत रेस आणि ब्रेक एकदम दाबले तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, ब्रेकचं ऐकतो आणि रेस उतरवतो. रेसचं पेडल अडकलं तरी गाडी थांबावी, म्हणून ही सोय. आता पाय नसताना "ब्रेक दाबलाय" असा खोटा निरोप गेला, तर पेडल ठणठणीत असून काय उपयोग?

"ब्रेक लाइट लागते ना, मग स्विच चांगलाच आहे," हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. या स्विचमध्ये सहसा दोन कॉन्टॅक्ट असतात. एक लाइटचा, पाय पडला की करंट सोडणारा. दुसरा उलटा: पाय नसताना त्यावर करंट असतो, पाय पडला की तुटतो. ईसीयू दोन्ही पाहतो. पाय वर असताना एका वायरवर शून्य, दुसरीवर १२ व्होल्ट. दाबल्यावर बरोब्बर उलटं. दोन्हीकडे १२ किंवा दोन्हीकडे शून्य दिसलं की पी ०५०४ बसतो. लाइट फक्त पहिल्या कॉन्टॅक्टचं सांगते. दुसरा जळून कोळसा झाला तरी ती लागतच राहते.

आणि ट्रॉलीच्या ब्रेक लाइटची वायर जोडतात कुठे? त्याच पहिल्या वायरीवर, तीही सोलून, पीळ देऊन, वर टेप. हुकापाशी वायर घासते, पार्किंग लाइटची तार ब्रेक लाइटच्या तारेला टेकते. दिवसा काहीच कळत नाही. दिवे लावले की पार्किंगचा करंट ब्रेकच्या वायरीत उलटा चढतो, पाय नसताना मागच्या ब्रेक लाइट पेटतात आणि ईसीयू गोंधळतो. काही गाड्या लगेच रेस कापतात, काही आधी नुसता कोड टाकतात. म्हणून "फक्त रात्री रेस घेत नाही" असं कुणी म्हटलं, तर पेडलकडे पाहूही नका.

ट्रॉलीचा प्लग उपसा, चावी बंद करून पुन्हा चालू करा, दिवे लावा. रेस आली तर दोष ट्रॉलीच्या वायरिंगमध्ये. नाही आली तर स्विचच्या दोन्ही वायरी मल्टिमीटरनं तपासा, किंवा स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दोन्ही स्विच आणि पेडलची टक्केवारी एका स्क्रीनवर घ्या. टेस्ट लॅम्प ईसीयूच्या वायरीला लावू नका. तो करंट ओढतो. स्विचचा ब्रॅकेट ढिला झाला असेल तर तो जागच्या जागी बसवा आणि दोन्ही वायरी पुन्हा तपासा.

परदेशी व्हिडिओत दिसतो तो ट्रेलर ब्रेक कंट्रोलर आपल्या जनरेटर ट्रॉलीला नसतोच. तो अमेरिकेतल्या विजेच्या ब्रेकच्या ट्रेलरसाठी. निळी वायर ट्रेलरच्या ब्रेककडे जाते, लाल वायर मात्र याच ब्रेक लाइटच्या वायरीवर बसते. म्हणजे घोळाची जागा तिथंही तीच.

माझं म्हणाल तर ट्रॉलीच्या दिव्यांना वेगळे रिले (थोड्या करंटवर चालणारे स्विच) लावाच. गाडीच्या ब्रेक लाइटची वायर फक्त रिलेची कॉइल चालवेल, ट्रॉलीला करंट फ्यूजमधून थेट बॅटरीचा. मग हुकापाशी तारा कितीही घासल्या तरी फार तर ट्रॉलीचा फ्यूज उडेल.