कासा : न्यायालयाने नेमलेले बालकैवारी

छळ किंवा हेळसांड झाल्यामुळे ज्यांचे प्रकरण न्यायालयात आले आहे, अशा मुलांचे हित न्यायाधीशांपुढे मांडणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांची अमेरिकेतील व्यवस्था. कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘कासा’ म्हणून ओळखली जाते.

सिएटलमधील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना मूल आईवडिलांकडे परत पाठवावे की दुसरीकडे ठेवावे, हे अपुऱ्या माहितीवर ठरवावे लागे. पालक आणि सरकारी खाते आपापली बाजू मांडत. केवळ मुलाकडे पाहून बोलणारे मात्र कोणी नसे. म्हणून त्यांनी सामान्य नागरिकांना हाक दिली आणि 1977 मध्ये उपक्रम सुरू झाला. 1982 मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

हा स्वयंसेवक वकील नसतो. किमान 30 तासांचे प्रशिक्षण घेतल्यावर न्यायालय त्याची नेमणूक करते. साधारणपणे एका वेळी एकदोनच प्रकरणे त्याच्याकडे असतात आणि त्याचे खरे बळ यातच आहे. शेकडो कागद हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला जे दिसत नाही, ते मुलाला नियमित भेटणाऱ्या माणसाला दिसते : शाळा बुडते आहे, चष्मा मिळालेला नाही, भावंडांची ताटातूट झाली आहे. शिक्षक, डॉक्टर, आईवडील, फोस्टर कुटुंब (मुलाला तात्पुरते सांभाळणारे कुटुंब) अशा सर्वांशी बोलून तो न्यायाधीशांना लेखी अहवाल देतो. प्रकरण चालू असताना मुलाचे घर, शाळा, समाजसेवक सारे बदलू शकते. अशा वेळी शेवटपर्यंत टिकून राहणे, हे या स्वयंसेवकाचे सर्वांत मोलाचे काम म्हटले पाहिजे.

मुलाला घरी जायचे असते, पण घर सुरक्षित नसते, तेव्हा स्वयंसेवकाची कसोटी लागते. स्वतःला हितकारक वाटते ते सुचवतानाही मुलाची इच्छा न्यायालयाला सांगणे त्याच्याकडून अपेक्षित असते. या व्यवस्थेवरील टीकाही गंभीर आहे : स्वयंसेवक बहुधा सुस्थितीतील गोरे, कुटुंबे मात्र अनेकदा गरीब वा कृष्णवर्णीय. त्यामुळे गरिबीलाच हेळसांड समजले जाण्याचा धोका राहतो.

भारतात तंतोतंत अशी व्यवस्था नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याखालील प्रकरणांत बालकल्याण समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती तपासापासून खटल्यापर्यंत मुलाला आधार देते. साहाय्यक व्यक्तीची गरज पालकांच्या मर्जीवर सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले.