कलासंग्रहालयातलं बिनपगारी काम: सुरुवात बॉस्टनची, वाद शिकागोचा

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो’ने आपल्या स्वयंसेवक डोसंटना पत्र पाठवलं: १९६१ पासून चालत आलेला हा उपक्रम आम्ही थांबवत आहोत. डोसंट म्हणजे लोकांना, त्यातही शाळकरी मुलांना, दालनांतून फिरवणारा आणि चित्रं-शिल्पं बघता बघता त्यांना बोलतं करणारा माणूस. त्या वेळी तिथे असे ८२ जण काम करत होते. पगार शून्य, पण प्रशिक्षण आठवड्यातून दोनदा, दीड वर्ष. निरोपादाखल त्यांना दोन वर्षांचं मोफत सभासदत्व देऊ केलं गेलं. डोसंटमध्ये बहुसंख्य होत्या त्या वयस्क, सुखवस्तू, गोऱ्या स्त्रिया. त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमले तर शहरातल्या सगळ्या थरांतली माणसं या कामात येतील, असा संग्रहालयाचा हिशेब. वर्तमानपत्रांतून बराच धुरळा उडाला. चर्चा वंशाच्या अंगाने रंगली. मला मात्र त्यामागे एक जुना प्रश्न दिसतो: फुकट काम करणं परवडतं कोणाला?

या कामाची सुरुवात उलट्या टोकाने झाली होती. बॉस्टनचं ‘म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स’ १८७६ मध्ये लोकांसाठी उघडलं. बेंजामिन आइव्ह्ज गिलमन हे १८९३ पासून तिथले सचिव. हा मोठा चिकित्सक माणूस. संग्रहालयात फिरून पाय आणि डोकं का दुखतं, हेही त्यांनी तपासलं. एका माणसाला कपाटांतल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना तो कसा वाकतो, कसा गुडघे मोडून बसतो, मान कशी वाकडी करतो, याचे फोटो काढून १९१६ मध्ये छापले. सुटाबुटातला गृहस्थ खालच्या फळीवरची चिठ्ठी वाचायला जवळजवळ ओणवा झालेला आहे. आपल्याकडच्या काही संग्रहालयांत तोच व्यायाम अजून फुकट मिळतो! याच गिलमन यांनी १९०७ मध्ये बॉस्टनला डोसंट आणले. चित्राशेजारची चिठ्ठी वाचून सामान्य माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. शेजारी उभं राहून ‘इथे बघा’ म्हणणारं कोणी हवं, हा त्यांचा साधा विचार. कला मूठभरांची राहू नये म्हणून केलेली ही सोय होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांत हे काम झपाट्याने स्वयंसेवकांकडे गेलं. शिकलेल्या, पण नोकरी न करणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग तिथे होता आणि समाजकार्य करणाऱ्या ‘ज्युनिअर लीग’सारख्या महिला संस्था गावोगावी होत्या. शिकागोचा उपक्रमही तिथल्या ज्युनिअर लीगच्या साहाय्याने उभा राहिला. संग्रहालयांना आयतं, मन लावून काम करणारं मनुष्यबळ मिळालं. या बायकांनी दशकानुदशकं शाळांच्या सहली सांभाळल्या, त्यासाठी स्वतः अभ्यास केला. त्यांना ‘हौशी’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल. पण आठवड्याचे दोन दिवस मोकळे, घरात दुसऱ्याचा पगार येणारा, अशी परिस्थिती असल्याशिवाय डोसंटच्या प्रशिक्षणात नाव घालणं अवघडच होतं.

बिनपगारी कामाचा दुसरा प्रकार इंटर्नचा, म्हणजे अनुभवासाठी उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा. त्याचं मूळ वेगळं. त्याची एक मोठी शाखा हार्वर्डला भेटते. पॉल सॅक्स हे ‘गोल्डमन सॅक्स’ या पेढीच्या घराण्यातले. पेढी सोडून ते १९१५ मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात सहायक संचालक म्हणून आले आणि १९२१ पासून १९४८ पर्यंत त्यांनी संग्रहालयाच्या कामाचा अभ्यासक्रम चालवला. काही तास त्यांच्या ‘शेडी हिल’ या राहत्या घरीच होत. विद्यार्थ्यांनी वस्तू हाताळायच्या, पारखायच्या; शिवाय संग्राहक आणि देणगीदार यांच्यात वावरायलाही शिकायचं. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’चे (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) पहिले संचालक आल्फ्रेड बार हे सॅक्स यांचेच विद्यार्थी; १९२९ मध्ये ते पद मिळालं तेव्हा बार २७ वर्षांचे होते आणि त्यांचं नाव सुचवणारे होते सॅक्स. शिक्षण म्हणून हा अभ्यासक्रम उत्तमच होता. पण या क्षेत्रातल्या नोकऱ्या ओळखीने मिळतात आणि ओळख आत राहून काम केल्यावर होते, ही रीतही तिथेच पक्की झाली.

फुकट उमेदवारीला कायद्याचा टेकू मिळाला तो रेल्वेतून. अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा १९३८ चा. पुढे एका रेल्वे कंपनीच्या यार्डात आठवडाभर ब्रेकमनचं, म्हणजे डबे जोडण्याचं आणि ब्रेक सांभाळण्याचं, काम शिकणाऱ्या उमेदवारांना वेतन द्यायचं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४७ मध्ये निकाल लागला की हे शिकाऊ लोक नोकर नव्हेत. त्यांच्यामुळे कंपनीचा फायदा तर नाहीच, उलट कामाचा खोळंबाच होतो. डबे जोडायला शिकणाऱ्यांचा हा निकाल पुढे कचेऱ्यांतल्या इंटर्नना लावला गेला. २०१० मध्ये तिथल्या कामगार खात्याने खासगी कंपन्यांसाठी निकष स्पष्ट केले, पण ना-नफा संस्थांत बिनपगारी इंटर्नशिप सर्वसाधारणपणे चालेल, असंही म्हटलं. कलासंग्रहालयं बहुतेक ना-नफा. मग काय, दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं स्वतःच्या खर्चाने न्यूयॉर्कमध्ये राहून कॅटलॉगची तपासणी करत राहिली.

सगळीकडे असंच होतं असं नाही. व्हेनिसच्या ‘पेगी गुगेनहाइम कलेक्शन’ या कलासंग्रहालयात इंटर्नना दरमहा भत्ता मिळतो. त्या बदल्यात कलेचे पदवीधर दालनात पहारेकरी म्हणून उभे राहतात, प्रेक्षकांचं सामान सांभाळतात आणि वेळ आली की पिकासोवर बोलतातही.

२०१५ मध्ये कलेला अनुदान देणाऱ्या मेलन फाउंडेशनने अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या नोकरवर्गाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा हे सगळं आकड्यांत दिसलं. क्युरेटर, संवर्धक, शिक्षक आणि वरिष्ठ अधिकारी मिळून ८४ टक्के जण हिस्पॅनिक नसलेले गोरे होते, कृष्णवर्णीय ४ टक्के. २०१९ मध्ये कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने ठराव केला की इंटर्नना पैसे द्यावेत. पुढे न्यूयॉर्कच्या ‘मेट’ला (मेट्रोपॉलिटन म्युझियम) देणगीदार एड्रियन आर्श्ट यांच्याकडून ५० लाख डॉलर मिळाले आणि तिथल्या सगळ्या इंटर्नशिप पगारी झाल्या. एवढ्या श्रीमंत संग्रहालयाला त्यासाठी देणगी लागावी, हेही नोंदवून ठेवण्यासारखं.

आपल्याकडे ही वाट बडोद्यातून सुरू होते. सयाजीरावांनी उभारलेल्या बडोदा संग्रहालयाच्या शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला, आणि भारतातल्या संग्रहालयांना शिकलेले कर्मचारी मिळू लागले. आज मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही पदव्युत्तर पदविका देतं. मात्र शिक्षण संपल्यावर, किंवा संपण्याआधी, अनुभव हवा म्हणून ज्या उमेदवाऱ्या कराव्या लागतात, त्यांतल्या बऱ्याच आजही प्रमाणपत्रावर भागवल्या जातात. मुंबईत घर असलेल्या मुलीला तीन महिने असं काम करता येतं. सोलापूरहून आलेल्या मुलीला आधी पेइंग गेस्टचं भाडं आणि डिपॉझिट भरायचं असतं.

म्हणून शिकागोच्या वादात मी दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे गुण देईन. निवृत्त शिक्षिका आपल्या आवडीने मुलांना चित्रं दाखवते, तिला घालवून संग्रहालयाने काय मिळवलं ते मला कळत नाही. पगारी शिक्षक तिच्या जोडीला नेमता आले असते. पण ज्याला पुढे याच कामावर पोट भरायचं आहे, त्या इंटर्नकडून फुकट काम घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे निदान राहण्या-जेवणाचा खर्च निघेल एवढं विद्यावेतन द्यायलाच हवं.