स्पीकर सांगतो ते तापमान कुणाचं?

जुलैतली संध्याकाळ, सांगलीतलं घर. टीव्हीशेजारच्या स्मार्ट स्पीकरला तापमान विचारलं तर तो २८ अंश म्हणतो आणि आर्द्रता ६७ टक्के. भिंतीवरचा साधा थर्मामीटर त्याच वेळी २५ अंश दाखवत असतो. दोरीवरचे कपडे सकाळपासून वाळलेले नाहीत, पापड सादळलेत, त्यामुळे ६७ टक्के हा आकडाही पटत नाही. अशा वेळी बहुतेक जण सेन्सरला नावं ठेवतात. खरं तर सेन्सर बहुधा बरोबरच असतो. तो जिथे बसवलाय तिथलं, म्हणजे स्पीकरच्या पोटातलं तापमान तो चोख सांगतो. आपण विचारलेलं असतं खोलीचं.

हा सेन्सर असतो केवढा? ॲपलचा होमपॉड मिनी हा स्मार्ट स्पीकर नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आहे हे कंपनीने कुणाला सांगितलंच नव्हतं. मार्च २०२१ मध्ये ती गोष्ट उघड झाली. स्पीकरच्या तळाच्या कडेला, वीजेची वायर आत शिरते त्याच्या जवळ, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची एचडीसी२०१० ही चिप बसवलेली सापडली. लांबी-रुंदी जेमतेम दीड-दीड मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. सुमारे दोन वर्षं ती आत नुसती बसून होती. जानेवारी २०२३ मध्ये सॉफ्टवेअर अपडेट आला आणि घरोघरचे स्पीकर एकदम तापमान बोलू लागले. ॲमेझॉनच्या एको डॉट या स्पीकरच्या पाचव्या आवृत्तीतही तापमानाचा सेन्सर आहे, आर्द्रतेचा मात्र नाही.

या चिपची कारागिरी कौतुकाची आहे. तापमान मोजायला सिलिकॉनचाच एक गुण वापरतात. ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज दर अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो, आणि हा बदल मोजता येतो. आर्द्रतेसाठी पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, एक पातळ थर असतो. हवेतली वाफ त्यात शिरते, हवा कोरडी झाली की बाहेर पडते. विद्युतभार धरून ठेवण्याच्या बाबतीत पाणी फार वरचढ आहे. त्याचा परावैद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ८० च्या आसपास, तर असल्या पॉलिमरचा तीन-चार. त्यामुळे थरात पाण्याचा अंश जरा जरी वाढला तरी त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता, बदलते आणि चिपला ते कळतं. या चिपची नेहमीची (टिपिकल) अचूकता तापमानाला ०.२ अंश आणि आर्द्रतेला २ टक्के अशी दिलेली आहे. बाजारातल्या साध्या घड्याळवजा हायग्रोमीटरपेक्षा, म्हणजे आर्द्रतामापकापेक्षा, हे कितीतरी चांगलं.

मग तीन अंशांचा फरक येतो कुठून? चिपच्या शेजाऱ्यांकडून. स्पीकरमध्ये प्रोसेसर आहे, वायफायचा रेडिओ आहे, आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आहे. गाणं बंद असलं तरी हाक ऐकण्यासाठी स्पीकर जागाच असतो आणि जागं असणं म्हणजे थोडी वीज खाणं. खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. चुलीपुढे बसलेल्या बाईला घरात किती उकडतंय हे विचारण्यासारखा हा प्रकार आहे. ती खरंच सांगेल, पण ते चुलीपुढचं असेल.

कंपन्यांना हे ठाऊक असतं. म्हणून चिप गरम भागांपासून जमेल तितकी लांब, तळाशी ठेवतात. सॉफ्टवेअरही प्रोसेसर किती काम करतोय, आवाज किती आहे याचा अंदाज घेऊन आकड्यातून काही वजा करतं. मोठ्या आवाजात बराच वेळ गाणी वाजली तर अचूकता कमी होऊ शकते, हे ॲपलने स्वतःच लिहून ठेवलंय. स्पीकर चालू केल्यावर सेन्सर स्थिरावायला थोडा वेळ लागतो, हेही त्यांचंच म्हणणं.

आता आर्द्रतेकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण जिला आर्द्रता म्हणतो ती सापेक्ष आर्द्रता असते: हवेत आत्ता असलेली वाफ, त्या तापमानाला मावू शकणाऱ्या जास्तीत जास्त वाफेच्या किती टक्के आहे. २५ अंशांना एका घनमीटर जागेत सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते, २८ अंशांना सुमारे २७ ग्रॅम. तुमच्या खोलीत खरोखर २५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता आहे असं धरू, म्हणजे वाफ साधारण १८ ग्रॅम. हीच हवा स्पीकरच्या पोटात शिरून २८ अंशांपर्यंत तापली. वाफ तेवढीच राहिली, पण मावण्याची मर्यादा वाढली, त्यामुळे टक्केवारी उतरून ६७ वर आली. चिपने ६७ सांगितलं आणि ते तिच्या जागेपुरतं अगदी खरं आहे. दोन टक्के अचूकतेची चिप असूनही खोलीचा आकडा मात्र तेरा टक्क्यांनी चुकला. म्हणजे तापमानातली चूक आर्द्रतेत उतरते, आणि उतरताना फुगते. आर्द्रता जास्त असते तेव्हा तर एका अंशामागे चार-पाच टक्के जातात. आपल्याकडच्या पावसाळ्यात नेमकं हेच होतं.

यातून सुटायला एक सुंदर वाट आहे. हवा तापली तरी तिच्यातली वाफ बदलत नाही, म्हणून दवबिंदूही बदलत नाही. हवा थंड होत गेली तर कुठल्या तापमानाला दव धरेल, तो आकडा म्हणजे दवबिंदू. अंदाजासाठी हिशेब सोपा आहे: शंभरातून आर्द्रता वजा करायची, उरेल त्याला पाचाने भागायचं आणि आलेला आकडा तापमानातून वजा करायचा. स्पीकरचे आकडे घ्या. १०० वजा ६७ म्हणजे ३३, भागिले पाच ६.६, आणि २८ मधून ६.६ गेले की २१.४ अंश. खोलीचे खरे आकडे, २५ अंश आणि ८० टक्के घेतले तर उत्तर २१ येतं. दोन्ही आकडे चुकलेल्या स्पीकरने दवबिंदू जवळजवळ बरोबर दिला! आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा ठोकताळा चांगला चालतो.

हा आकडा घरात फार कामाचा आहे. ज्या भिंतीचं, फरशीचं किंवा डब्याचं तापमान दवबिंदूच्या खाली गेलं, तिथे पाणी धरणार. शहाबादी फरशीला पावसाळ्यात पाणी सुटतं तेव्हा ते दर वेळी जमिनीतूनच येतं असं नाही, पुष्कळदा ते हवेतलं असतं. खिडक्या उघडाव्यात की लावाव्यात हेही दवबिंदूवरून ठरवावं. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तर खिडकी उघडल्याने घर कोरडं होईल, जास्त असेल तर उलट ओल आत येईल. माझ्या मते या स्पीकरांच्या ॲपमध्ये टक्केवारीच्या जोडीला दवबिंदू दाखवायलाच हवा. ग्राहकाला तो जास्त खरा आकडा मिळेल.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, छताचा पंखा. पंख्याने हवेचं तापमान उतरत नाही, घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं. स्पीकरला घाम नाही, तरी पंखा लावल्यावर त्याचा आकडा खाली येऊ शकतो, कारण वाऱ्याने त्याच्या अंगातली उष्णता उडून जाते. एकदा करून बघा. पंखा बंद ठेवून अर्ध्या तासाने आकडा पाहा, मग पंखा लावून पुन्हा अर्ध्या तासाने पाहा. भिंतीवरचा थर्मामीटर जागचा हलला नसेल आणि स्पीकर मात्र उतरला असेल, तर उतरलेला तो भाग स्पीकरच्या स्वतःच्या गरमीचा होता. कंपनीचं सॉफ्टवेअर आतल्या कामाचा हिशेब ठेवतं, तुमच्या पंख्याचं बटण कितीवर आहे हे त्याला माहीत नसतं.

होमपॉडच्या सेन्सरसाठी कंपनीने धरलेली मर्यादा आहे साधारण १५ ते ३० अंश आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता. सांगलीचा एप्रिल आठवा. दुपारी पारा चाळिशीला टेकतो, स्लॅबखालची खोली रात्रीही तिशीच्या खाली यायला तयार नसते. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं घरात येतं आणि आर्द्रता आठवडेच्या आठवडे नव्वदीच्या वर असते. म्हणजे आकड्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आपण त्या मर्यादेबाहेर असतो. सेन्सर तेव्हा बंद पडत नाही, पण त्याच्यावर किती विसंबायचं ते कमी करावं लागतं. पॉलिमरचा थर फार दिवस दमट हवेत राहिला तर त्यात पाणी मुरतं आणि आकडा काही टक्क्यांनी वर सरकतो. कोरडे दिवस आले की तो बहुतेक पूर्वपदावर येतो. फोडणीची वाफ, उदबत्तीचा धूर, रंगकामातलं थिनर यांचा थर मात्र सहजी जात नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा देव्हाऱ्याला लागून असा स्पीकर ठेवू नये, हे मी आवर्जून सांगेन.

आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदारांना यातलं काही नवीन वाटणार नाही. तासगाव, पलूस, खानापूरकडे बागेत उभं केलेलं हवामान यंत्र जवळून पाहा. सेन्सर एका दांडीवर, पांढऱ्या थाळ्यांच्या चवडीच्या आत असतो. थाळ्या ऊन अडवतात आणि वारा खेळू देतात. यंत्राची बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स वेगळ्या डब्यात, सेन्सरपासून लांब. डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी घ्यायची की नाही हे त्या आकड्यांवर ठरतं, त्यामुळे तिथे सेन्सरला शेजारी चालत नाही. हवामान खात्याच्या वेधशाळेतला फटींचा पांढरा लाकडी पिंजरा याच विचाराने बनलाय. त्यात कोरड्या आणि ओल्या फुग्याचे थर्मामीटर शेजारी-शेजारी टांगतात. फुगा म्हणजे थर्मामीटरचं खालचं गोल टोक, एकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं असतं. ओल्या फुग्यावरचं पाणी उडताना तो जितका गार पडतो, त्यावरून आर्द्रता काढतात. पद्धत जुनी, पण अजून भरवशाची.

मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना तर हवेचा मामला हातालाच कळतो. तंबोऱ्याचा भोपळा आणि वरची लाकडी तबली दोन्ही ओल पितात आणि सोडतात, लाकूड फुगतं, तारांचा ताण बदलतो. घरात असं वाद्य असेल तर स्पीकरच्या ६७ वर निर्धास्त राहू नका, खरी आर्द्रता ८० असू शकते. शे-पाचशे रुपयांचा एक वेगळा डिजिटल हायग्रोमीटर वाद्याजवळ ठेवावा आणि तोही आधी पारखून घ्यावा.

पारखायला घरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकत ते चिखलासारखं ओलं करा. वर पाणी साचता कामा नये. टोपण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात एकत्र ठेवून रात्रभर तसेच राहू द्या. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांना येऊन थांबते आणि घरातल्या नेहमीच्या तापमानांत ती जवळजवळ बदलत नाही. सकाळी डबा न उघडता आकडा वाचा. ७१ आला तर तुमचं यंत्र चार टक्के कमी सांगतं. हीच रीत स्पीकरला लावता येत नाही, वायर जोडलेला स्पीकर डब्यात बंद केला तर तो डबाच तापवेल. म्हणून पारखलेला हायग्रोमीटर स्पीकरपासून हातभर अंतरावर, त्याच उंचीला ठेवा. एक-दोन तासांनी दोघांचे आकडे लिहा: एकदा स्पीकर गप्प असताना, एकदा गाणी वाजून झाल्यावर, एकदा पंखा चालू ठेवून. ॲपलच्या ‘होम’ ॲपमध्ये तापमानावर एसी किंवा एक्झॉस्ट चालू करायचा नियम लावला असेल तर त्यातला आकडा या फरकाने सरकवून घ्या. एप्रिलमध्ये काढलेला फरक जुलैत लागू पडत नाही, तेव्हा पावसाळा सुरू झाल्यावर तो पुन्हा काढावा लागेल.