‘त्यांच्याकडे ते कायदेशीर आहे’ : ‘स्टार ट्रेक’मधली पिळवणूक

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकांमधल्या परग्रहवासीयांच्या प्रथांवर वाद झाला की एक वाक्य हमखास येतं : त्यांच्या ग्रहावर ते कायदेशीर आहे, मग आपण कोण बोलणार? इथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. कायदा विचारतो, परवानगी आहे का आणि ठरवायचा अधिकार कोणाचा. नीती विचारते, ज्याला राबवलं जातंय त्याचं काय होतं आणि त्याला नाही म्हणायची सोय आहे का.

सोपं उदाहरण फेरेंगींचं, म्हणजे नफ्यालाच सर्वस्व मानणाऱ्या परग्रहवासीयांचं. ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९६ मधल्या एका भागात क्वार्क या फेरेंगीच्या बारमधले नोकर युनियन काढून संपावर जातात. पगारात कपात आणि आजारपणाची रजा नाही, ही त्यांची तक्रार. फेरेंगी कायद्यात युनियनच बेकायदा, त्यामुळे पिळणारा मालक कायद्याने स्वच्छ आणि रजा मागणारा त्याचा भाऊ आणि नोकर रॉम गुन्हेगार. गंमत म्हणजे रॉमच सांगतो की फेरेंगी कामगाराला पिळवणूक थांबवायची नसते, त्याला स्वतः पिळणारा व्हायचं असतं. म्हणजे सोसणाऱ्यांनाही प्रथा मान्य आहे. पण मान्य असणं आणि न्याय्य असणं यांत फरक आहे, नाहीतर संप झालाच नसता.

‘एंटरप्राइज’ मालिकेतलं (२००३) व्हिसियन या परग्रहवासीयांचं प्रकरण याहून अवघड. त्यांच्यात तिसरं लिंग असतं, जेमतेम तीन टक्के. त्यांच्याशिवाय मूल होत नाही, म्हणून त्यांना एका जोडप्याकडून दुसऱ्याकडे पाठवतात. नाव नाही, शिक्षण नाही. पृथ्वीच्या जहाजाचा इंजिनिअर ट्रिप चोरून त्यांच्यातल्या एकीला वाचायला शिकवतो, तर ती भराभर शिकते. मग ती आश्रय मागते, कॅप्टन आर्चर नकार देतो, तिला परत पाठवलं जातं आणि ती आत्महत्या करते. आर्चर ट्रिपला झापतो. मला हा भाग दर वेळी चिडवतो, कारण आश्रय द्यायचा की नाही हे आर्चरच्याच हातात होतं. तरी त्याच्या बोलण्यात तथ्य आहे : जे आपल्याला पुरं करता येणार नाही, त्याची आशा ट्रिपने लावली. प्रथा वाईट आहे म्हणून ती मोडायचा परवाना परक्याला मिळत नाही. पण तो परवाना नाही म्हणून प्रथा बरी ठरते, असंही नाही. आर्चर पहिल्या मुद्द्यावर थांबतो आणि बरेच प्रेक्षक नकळत दुसऱ्यावर घसरतात.

एव्हाना वाटेल की गोंधळ फक्त परक्यांच्या घरात आहे. मग फेडरेशनकडे, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहांच्या संघाकडे बघा. ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या १९८९च्या एका भागात डेटा या अँड्रॉइडला, म्हणजे माणसासारख्या यंत्राला, उघडून अभ्यासायचं ठरतं. तो राजीनामा देतो, तर न्यायाधिकारी फिलिपा लूव्हाचा पहिला निर्णय असा की तो स्टारफ्लीटची, म्हणजे फेडरेशनच्या अंतराळदलाची, मालमत्ता आहे, त्याला राजीनामा देता येत नाही. सुनावणीत त्याचाच मित्र रायकर त्याच्याविरुद्ध उभा राहतो आणि बटण दाबून त्याला बंद करतो. कायद्याच्या बाजूने हा बिनतोड पुरावा! डेटाची बाजू मांडणाऱ्या कॅप्टन पिकार्डला मुद्दा गायनन या बारवालीकडून कळतो : असे हजारो डेटा बनवले, तर ते फुकट राबवायचे गुलामच होतील. शेवटी लूव्हा निकाल फिरवते, पण डेटाला आत्मा आहे का, यात ती शिरत नाही. स्वतःचं ठरवायचा हक्क त्याला आहे, एवढंच म्हणते.

पण या निकालाने सगळ्यांचं भलं झालं नाही. ‘व्हॉयेजर’ मालिकेच्या २००१च्या एका भागात होलोग्राम डॉक्टर, म्हणजे प्रकाशातून उभा केलेला, माणसासारखा वागणारा डॉक्टर, कथा लिहितो आणि प्रकाशक ती परस्पर बाजारात आणतो. लवाद डॉक्टरला व्यक्ती मानायला तयार नाही, पण लेखक म्हणून त्याचे हक्क मान्य करतो, आणि कथा मागे घेतली जाते. काही महिन्यांनी त्याच्याच मॉडेलचे जुने होलोग्राम जहाजं चालवायला लागणाऱ्या डायलिथियम या खनिजाच्या कामावर राबताना दिसतात. त्यांच्याबद्दल लवादाला कोणी विचारलंच नव्हतं, खटला कथेच्या हक्काचा होता.