फ्रीव्हील की कॅसेट? मागचं चाक घेण्याआधी एवढं बघा

मागचं चाक गेलं की आपण रिमचा साइझ बघतो आणि त्या मापाचं सगळ्यात स्वस्त चाक उचलतो. घरी आणल्यावर कळतं, जुन्या चाकावरची दात्यांची चक्रं याच्यावर बसतच नाहीत. गियरच्या सायकलला ही चक्रं दोन तऱ्हांनी बसवलेली असतात, फ्रीव्हील किंवा कॅसेट, आणि उभ्या सायकलवर दोन्ही सारखीच दिसतात.

फरक आहे तो टर्रटर्र आवाज करणारे खटके कुठे आहेत यात. फ्रीव्हीलमध्ये ते चक्रांच्या पोटातच असतात आणि तो अख्खा गड्डा हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आट्यांवर पिळून बसवतात. कॅसेट म्हणजे नुसती चक्रं. तिथे खटके हबलाच जोडलेल्या एका नळकांड्यात असतात, त्याला फ्रीहब म्हणतात. त्याच्या खाचांवर चक्रं सरकवायची आणि वरून लॉकरिंग आवळायची.

ओळखायला चाक काढून हातात घ्या आणि चक्रं उलटी फिरवा. नजर मधोमध ठेवा, आसाभोवती पाना घुसवायच्या खाचा असतात तिथे. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. आठ किंवा जास्त चक्रं असली तर बहुधा कॅसेटच. खरी गफलत सात चक्रांना होते, कारण ती दोन्ही प्रकारांत मिळतात.

मजबुतीत फ्रीहब सरस, यात वाद नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे चक्रांच्या आतल्या बाजूला राहतात, आणि तिथून फ्रेमपर्यंतचा आस अधांतरी असतो. चक्रं जितकी जास्त, तितका हा तुकडा लांब. जड ओझं आणि खड्डे रोजचे असतील तर तो वाकतो, कधी मोडतो. फ्रीहबात छर्रे पार टोकाजवळ असतात. तुमचा आस दोनदा मोडला असेल तर तसलंच चाक तिसऱ्यांदा घेऊ नका.

पण नुसती रिम चेपली असेल, तर कमी पैशात फ्रीव्हीलचंच चाक घ्या, असं माझं मत. जुनी फ्री (म्हणजे फ्रीव्हीलच) नव्या चाकावर चढते आणि काम भागतं. कॅसेटचं चाक 'थोडंसंच महाग' वाटतं, पण त्यावर कॅसेट वेगळी घ्यावी लागते आणि बऱ्याचदा चेनही, कारण झिजलेली चेन नवे दातेही लवकर झिजवते. चेनच्या 12 इंचांत 1/16 इंच वाढ दिसली की ती गेलीच समजा. शिवाय सात चक्रांची कॅसेट आठ-नऊच्या फ्रीहबवर बसवायची तर मागे 4.5 मिमीची चकती लागते.

फ्री काढण्यावरून एक आठवलं. एकदा मी शहाणपणा करून आधी तारा कापून रिम मोकळी केली. मग फ्री सोडवायला गेलो तर धरायला काहीच नाही! पायडल मारून मारून फ्री इतकी आवळली जाते की ती सुटायला अख्ख्या चाकाची पकड लागते. तो हब फ्रीसकट भंगारात गेला. आधी फ्री, मग तारा.

दोन्ही प्रकारांत फ्रेमच्या मागच्या फाट्यांमधलं आतलं अंतर मोजून घ्या: 126, 130 की 135 मिमी. आणि रिमवर ब्रेक लागत असेल तर डिस्क ब्रेकचं चाक स्वस्त मिळालं तरी नको, त्याच्या रिमला बहुधा ब्रेक घासायची जागाच नसते.

जुनी फ्री चढवताना हबच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे पान्याशिवाय, हातानेच द्या. ॲल्युमिनियमच्या हबवर ती तिरकी चढली तर आटे जातात आणि नवं चाक पहिल्याच दिवशी बाद होतं.